परस म्हणजे किती फूट? आमच्या विहीर-नोंदीच्या कोडसाठी जागा शोधताना

परभणी जिल्ह्यातल्या सेलूला मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. आसपासच्या अकरा गावांतल्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला मोजून लिहून ठेवायची, हे काम आम्ही २०२३ च्या पावसाळ्यापासून करतोय. मोजतात शेतकरी आणि शाळेतली लेकरं. कुणाकडं टेप असतो, कुणी दोरीला दगड बांधतं. नोंदी भरायला आणि आलेख काढायला माझ्या विद्यार्थ्यांनी पायथनमध्ये एक छोटं ॲप लिहिलं. ते सगळ्यांसाठी खुलं करायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पण खुलं करायचं म्हणजे कुठं ठेवायचं, कशात ठेवायचं, परवानगी कुणाची घ्यायची, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे सात महिने त्यात गेले. तालुक्याच्या गावी बसून असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

सुरुवात एका चुकीनं झाली. २०२४ च्या पोळ्याला आपल्याकडं किती पाऊस झाला ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्यानंतरच्या १५ सप्टेंबरच्या नोंदी आल्या, तर एकाच विहिरीचे दोन आकडे. माझ्या लॅपटॉपवर पाणी ४८ फुटांवर आणि एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ४४ फुटांवर. वहीत मात्र दोघांकडं तेच लिहिलेलं होतं, आठ परस. परस हे विहिरीची खोली मोजायचं गावाकडचं माप. १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून आम्ही चौघं प्रयोगशाळेत बसलो आणि दोन्हीकडचा कोड ओळ न् ओळ ताडून पाहिला. माझ्याकडं एक परस म्हणजे ६ फूट होता, तिच्याकडं साडेपाच. कुणी बदललं, कधी बदललं, का बदललं, काहीच सापडेना. फोल्डरची नावं होती ‘विहीर फायनल’, ‘विहीर फायनल २’, ‘विहीर नवीन सरांचं’. पेनड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरच्या झिप फायलींतून कोड सगळीकडं फिरत होता. वर्षभराच्या किती नोंदींना कुठलं माप लागलं, हे शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले. लेकरांनी भर उन्हात, चिखलात उभं राहून मोजलेले आकडे होते ते. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात आवृत्ती नियंत्रण, म्हणजे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवायची पद्धत, शिकायचं ठरवलं.

आधी प्रणाली ठरवायची होती, जागा नंतर. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावानं सबव्हर्जन सुचवलं, त्याच्या कंपनीत वर्षानुवर्षं तेच चालतं. ते शिकायला सोपं आहे खरं. पण त्यात सगळा इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतो आणि बदल नोंदवायचा म्हटलं की त्या सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं. आमची दोन मुलं अशा गावांत राहतात जिथं नेट मिळायला गच्चीवर जावं लागतं, आणि लाईट गेली की टॉवरही जातो. दुसरे पर्याय गिट आणि मर्क्युरियल, दोन्ही २००५ साली आलेले. लिनक्सच्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच प्रणालीची फुकट परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं आणि त्याच सुमाराला मर्क्युरियलही सुरू झालं. दोन्हींत पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर असतो. शेताच्या बांधावर बसून कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा, नेट आल्यावर पाठवा. आज्ञा मर्क्युरियलच्या सोप्या वाटल्या. पण बिटबकेट या कोड ठेवायच्या संकेतस्थळानं २०२० साली मर्क्युरियलला जागा देणं बंद केलं आणि नवीन मुलांना शिकवणारं साहित्य सापडतं ते गिटचंच. म्हणून गिट.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर, चार दिवस शिकवणी घेतली. तेव्हा उमगलेल्या तीन गोष्टी सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्यांना त्या लागतीलच. आम्ही फायलींची नावं देवनागरीत ठेवली होती आणि ‘गिट स्टेटस’ दिलं की नावाऐवजी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २५६ असे आकडे यायचे. मुलांना वाटलं फाईल खराब झाली. झालेलं काहीच नसतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही मांडणी ‘फॉल्स’ केली की नाव नीट दिसतं. दुसरी गोष्ट ‘ऱ’ ची. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ अशा शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण गिटला दिसतो आणि काहीच न बदललेली ओळ बदललेली म्हणून येते. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा असं ठरवलं आणि आयात करताना मजकूर एकाच रूपात आणणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली. तिसरी गोष्ट ईमेलची. प्रत्येक कमिटवर लिहिणाऱ्याचा ईमेल कायमचा बसतो आणि प्रकल्प खुला झाला की जगाला दिसतो. विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे, खाजगी पत्ते असे बाहेर जाऊ नयेत. बहुतेक ठिकाणी खातं उघडल्यावर एक झाकलेला पत्ता मिळतो. पहिल्या कमिटच्या आधीच तो घालून घ्या.

मग जागेचा शोध. मधे विधानसभेची निवडणूक आली, २० नोव्हेंबरचं मतदान. आम्हा शिक्षकांना ड्युटी होती, प्रशिक्षणं होती, दोन आठवडे त्यातच गेले. प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली ती नोव्हेंबरच्या अखेरीस.

पहिला अर्थातच गिटहब, कोड ठेवायचं सगळ्यांच्या ओळखीचं संकेतस्थळ. सहापैकी चार विद्यार्थ्यांचं खातं तिथं आधीच होतं, पुढं नोकरीच्या मुलाखतीत तोच पत्ता विचारतात, आणि नवखा माणूस कोड शोधायचा तर तिथंच शोधतो. हे वजन हलकं नाही. नवीन माणसानं आधीच माहीत करून घ्याव्यात अशा दोन बाबी आहेत. ऑगस्ट २०२१ पासून तिथं पुश करताना (कोड वर पाठवताना) खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन (पासवर्डऐवजीची लांब सांकेतिक ओळ) किंवा एसएसएच किल्ली लागते. आणि योगदान देणाऱ्यांना २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं दुहेरी पडताळणी सक्तीची झाली आहे. ती सुरू करतानाच मिळणारे रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवा. आमच्या एका विद्यार्थ्याचा मोबाईल डिसेंबरमध्ये बसमध्ये राहिला, तेव्हा त्या कागदानंच खातं वाचलं. झेरॉक्सचे दोन रुपये.

तिथंच आम्हाला मोठा धडा मिळाला. जुन्या वह्यांचं स्कॅन केलेलं १४० एमबीचं पीडीएफ एका मुलानं कमिट केलं होतं. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाईल जात नाही. त्यानं फाईल पुसली, नवीन कमिट केलं, परत पाठवलं, तरी नाहीच. कारण पुसलेली फाईल इतिहासात असतेच. ती मुळातून काढायला ‘फिल्टर-रिपो’ नावाचं वेगळं साधन बसवलं आणि काय काय काढायचं याची यादी करायला सगळा इतिहास पहिल्या कमिटपासून चाळला. तिसऱ्याच कमिटमध्ये एक तक्ता सापडला. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, मोबाईल नंबर. ६३ माणसं. पुढं कधीतरी आम्ही तो काढून टाकलेला होता, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हता.

माझे हात गार पडले. ज्यांनी विश्वासानं आपली विहीर मोजू दिली त्यांचे नंबर आम्ही जगासमोर मांडायला निघालो होतो. रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवलेली जागा) तोवर खाजगी होती म्हणून निभावलं. तक्ता आणि पीडीएफ दोन्ही इतिहासातून काढलं. असं केल्यावर त्या पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात, म्हणून प्रत्येकानं जुनी प्रत टाकून नव्यानं क्लोन करावं (पूर्ण प्रत उतरवून घ्यावी) लागतं, नाहीतर एखाद्याच्या जुन्या प्रतीतून तेच परत येतं. चाचणीची रेपॉझिटरीही पूर्ण काढून नवीन केली, कारण जुना कमिट त्याच्या क्रमांकावरून सर्व्हरवर सापडू शकतो. खुलं करण्याआधी एक संध्याकाळ फक्त इतिहास वाचायला ठेवाच. आजच्या फायली वाचून भागत नाही.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा गिटलॅब पाहिलं. २०११ साली सुरू झालेलं, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती खुली असल्यानं आपल्या सर्व्हरवरही बसवता येते. आपोआप चाचण्या चालवायची सोय भक्कम आहे. पण आमच्या सहा जणांच्या कामाला तो वाडा फार मोठा होता. मुलं मेनूतच हरवायची. मोठी टीम असती तर मी तेच घेतलं असतं. सरकारी ओपनफोर्जही पाहून घेतलं. सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करण्याचं केंद्राचं धोरण २०१५ चं आहे आणि ही जागा ई-गव्हर्नन्सच्या प्रकल्पांसाठी आहे. आमचं काम त्यात बसत नव्हतं.

स्वतःचा सर्व्हर चालवायची मला मनापासून हौस होती. फोर्जेओ हे गिटहबसारखी जागा आपल्या यंत्रावर उभी करायचं हलकं सॉफ्टवेअर आहे, गिटी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून २०२२ च्या डिसेंबरात वेगळं झालेलं. प्रयोगशाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर ते तासाभरात बसलं. पण आमच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपी नव्हता, म्हणजे बाहेरून तिथवर पोचायची वाट नाही. मग भाड्यानं व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर, घेतला, महिना ४८० रुपये, आणि डोमेन ८५० रुपये वर्षाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो सलग ३१ तास बंद होता. मी एका लग्नात होतो, मोबाईलवरून काही करता येईना आणि मुलांचे फोनवर फोन. बॅकअप होता, काही गेलं नाही. पण त्या रात्री नीट विचार केला. अपडेट कोण करणार, डिस्क भरली तर कोण बघणार, माझी बदली झाली तर? विहिरी मोजायचं काम आमचं आहे. सर्व्हर राखणं हे दुसरं पूर्ण काम आहे आणि त्याला आमच्यात माणूस नाही. तीन महिन्यांचे पैसे भरलेले होते, ते संपू दिले.

याच काळात कागदांचं काम चालू होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. मी महाविद्यालयाच्या वेळेत आणि यंत्रांवर काम केलेलं, म्हणजे परवाना लावण्याआधी संस्थेचं ना हरकत पत्र हवं. ५ डिसेंबरला अर्ज दिला. पहिला परत आला, कारण ‘मुक्त परवाना’ म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्याला मराठीत एक पानी गोषवारा जोडला: कोण वापरू शकतं, बदलू शकतं, संस्थेवर जबाबदारी काय येते. तो फायलीत राहून गेला. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन आवक क्रमांक घेतला आणि दर सोमवारी विचारलं. २० जानेवारीला पत्र मिळालं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. विद्यार्थ्यांना कायदा वेगळा, त्यांच्या कोडची मालकी त्यांची. कोड लिहिणाऱ्या सगळ्यांकडून साध्या कागदावर संमतीपत्रं घेतली, अठरा वर्षांखालच्या दोघांच्या पालकांच्या सह्यांसह. कोडला जीपीएल आवृत्ती ३ (बदल करून वाटणाऱ्यानंही कोड खुलाच ठेवायचा, अशी अट असलेला परवाना) आणि नोंदींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनामाचा परवाना लावला.

आता मूळ प्रश्न. इतक्या दिवसांत मला भीती वाटत होती ती जागाच बंद पडण्याची, आणि ती उगाच नव्हती. गुगल कोड २००६ ला आलं, २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस २०१५ साली गिटलॅबनं घेतलं आणि बंद केलं. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या देशात सरकारी आदेशानं ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहबही होतं. २०१८ साली मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घ्यायचं ठरवलं. २०१९ ला अमेरिकेच्या निर्बंधांमुळं इराणमधल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं आली. यातलं काही उद्या आमच्या वाट्याला येईलच असं नाही. पण कोडची चिंता नको हे कळलं होतं, प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो. सेलू, पुणे आणि पाच गावांत मिळून आमच्या आठ प्रती होत्या.

चिंता दुसरीच होती. चाचणीच्या रेपॉझिटरीवर आम्ही ‘परस म्हणजे किती फूट?’ हा मुद्दा, म्हणजे चर्चेचा धागा, उघडला होता. मुलांनी गावोगाव विचारून उत्तरं आपल्या शब्दांत न लिहिता लोकांच्याच शब्दांत टंकली. एका आबांचं असं होतं: “आमच्याकडं परस म्हंजी उभ्या माणसानं हात वर केला तेवढं. पर माणूस कोंचा, त्याच्यावर हाय. आमचा आजा बुटका व्हता, त्यानं मोजलेली हीर साडेपाचाचीच धरा.” अशी २३ उत्तरं. कोडमध्ये त्याची फक्त एक ओळ होते, पण ती ओळ तशी का आहे हे या २३ उत्तरांत आहे. आणि ही चर्चा गिटमध्ये नसते. ती त्या त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसात असते. जागा सोडली तर कोड सोबत येतो, बोलणं मागं राहू शकतं. म्हणून आम्ही जागेची पारख एकाच कसोटीवर करायची ठरवली: इथून उठून जाता येईल का, आणि जाताना बोलणं नेता येईल का?

त्या कसोटीवर कोडबर्ग हे संकेतस्थळ उजवं ठरलं. बर्लिनमधली नोंदणीकृत ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. कोणी विकत घेईल अशी कंपनी नाही, आणि तिथं फोर्जेओच चालतं, म्हणजे वेळ आलीच तर तेच सॉफ्टवेअर आपल्याकडं बसवून तिथलं सगळं आणता येईल. खुला परवाना ही तिथली अटच आहे, ती आमची तयारच होती. २५ जानेवारीच्या रात्री स्थलांतर करून पाहिलं. आयात करताना मुद्दे, लेबलं, पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायच्या विनंत्या) यांवर खूण करायची असते, आमची पहिल्या वेळी राहिली आणि नुसता कोड आला. दुसऱ्या वेळी सगळं आलं. २३ उत्तरं मोजून पाहिली. लिहिणाऱ्यांची नावं साधा मजकूर म्हणून येतात, नव्या खात्यांना जोडली जात नाहीत, पण शब्द शाबूत होते. २६ जानेवारीला, रविवारी, मुलांसमोर रेपॉझिटरी खुली केली.

गिटहबही सोडलं नाही. कोडबर्गवरून तिथं आपोआप प्रत जाईल असा पुश मिरर लावला आहे, त्यासाठी फक्त त्या एका रेपॉझिटरीपुरता हक्क असलेलं टोकन केलं. शोधणारा तिथून येतो, वाचतो, आणि वर लिहिलेल्या पत्त्यावर चर्चेला जातो. मुलांना मुलाखतीत दाखवायलाही तो पत्ता आहे. टोकनला मुदत असते. संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवली आहे.

एवढ्यावर न थांबता ‘निर्णय’ नावाची एक फाईल रेपॉझिटरीतच ठेवली. चर्चा मिटली की तिचं सार, कुणाच्या सांगण्यावरून काय ठरलं ते, तारखेसह तिथं उतरवायचं. ते मग प्रत्येक प्रतीबरोबर जातं. आणि ज्या दोन गावांत नेट जवळजवळ नाहीच, तिथल्या गुरुजींसाठी ‘गिट बंडल’ करतो. सगळी रेपॉझिटरी इतिहासासकट एका फायलीत येते, आमची ७ एमबीची झाली, आणि त्या फायलीतून थेट क्लोन करता येतं. ती पेनड्राइव्हवर घालून एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं देतो. परतीच्या गाडीनं गुरुजींचे कमिट येतात.

सगळा खर्च मिळून: व्हीपीएस तीन महिने १,४४० रुपये, डोमेन ८५०, दोन पेनड्राइव्ह ७००, झेरॉक्स आणि संस्थेच्या कार्यालयात जाण्यायेण्याचं भाडं ३६० च्या आसपास. पहिल्या दोन रकमा टाळता आल्या असत्या.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा होती, काही झालं नाही. १५ मार्चच्या नोंदीला मी स्वतः त्या आबांच्या गावी गेलो. विहिरीच्या काठावर लॅपटॉप उघडून त्यांना ‘निर्णय’ फायलीतलं त्यांचं वाक्य वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “सर, नुसतं साडेपाच नका लिहू. आमच्या गावापुरतं लिहा. दुधनेच्या पल्याड साच धरतात, त्यांची मोजणी चुकायची.” तिथल्या तिथं ओळ बदलली, गावनिहाय मापाचा तक्ता करायचा नवा मुद्दा वहीत टिपला, कमिटच्या संदेशात त्यांना विचारून ‘आबांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं. नेट नव्हतंच. संध्याकाळी साडेसातला सेलूत उतरलो आणि स्टँडवरूनच पुश केलं.